पारंपरिक धनुष्य आणि शिकार: बाणाचं वजन वाढवलं की तो खरंच खोल जातो का?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये राहतो आणि गेली काही वर्षं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याने हरणाची शिकार करतो. चाकांचं कंपाउंड नाही. साधं लाकूड आणि फायबरचं धनुष्य, ना दुर्बीण ना साइट. राज्याचा परवाना काढून, मोसमात, ठरवून दिलेल्या संख्येत. मांस आमच्या घरी वर्षभर पुरतं. आमच्याकडे धनुष्याचा मोसम 1 ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणून हा प्रश्न आत्ताच विचारतोय.

गेल्या मोसमात आमच्या गटातल्या एका मित्राचा बाण व्हाइटटेल जातीच्या हरणाच्या खांद्यावर बसला आणि वीतभरही आत गेला नाही. हरीण पळालं. आम्ही कंदील घेऊन रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. थोडं रक्त, मग काहीच नाही. ते जगलं की मेलं, कळलं नाही. शिकार करणाऱ्याला याहून वाईट काही नसतं.

तेव्हापासून गटात दोन तट आहेत. एक म्हणतो बाण 650 ग्रेनचा (सुमारे 42 ग्रॅमचा) करा, हाडसुद्धा फोडेल. दुसरा म्हणतो इतका जड बाण वीस यार्डांवर दगडासारखा खाली पडतो, वेग ठेवा. माझं धनुष्य 28 इंच ओढलं की 50 पाउंडांचा जोर लागतो, आणि माझा ड्रॉ, म्हणजे मी दोरी ओढतो ते अंतर, 28 इंचच. सध्याचा कार्बन बाण पुढच्या फाळासकट 420 ग्रेन भरतो, म्हणजे साधारण 27 ग्रॅम. वजन किती वाढवू, आणि वाढवून नक्की काय मिळतं? ज्यांनी हे हाताने केलंय किंवा ज्यांना यातलं गणित येतं, त्यांनी सविस्तर लिहा.

चलसंवेग

मी पुण्यात पदार्थविज्ञान शिकवतो. शिकार केलेली नाही, करणारही नाही, पण गणित मांडून देतो, कारण या वादात दोन्ही बाजू अर्धंच बोलतात.

आधी धनुष्यातून बाहेर काय येतं ते बघू. धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. काही भाग धनुष्याच्या भुजा आणि दोरी हलवण्यात जातो. पॉल क्लॉप्स्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने यासाठी सोपी युक्ती काढली: बाणाच्या वजनात एक ठरावीक 'आभासी वस्तुमान' मिळवायचं आणि दोन्ही मिळून त्याच वेगाने सुटतात असं धरायचं. तुमच्यासारख्या धनुष्याला मी ते सुमारे 100 ग्रेन धरतो. धनुष्यागणिक हा आकडा बदलेल, पण चित्र तेच राहील.

500 ग्रेनचा बाण सेकंदाला 170 फूट जातो असं धरलं, तर तुमचा 420 ग्रेनचा साधारण 183 फुटांनी सुटेल, 550 चा 163 ने आणि 650 चा 152 ने. ऊर्जा अनुक्रमे 42, 44 आणि 45 ज्यूल. म्हणजे 420 वरून 650 वर गेलात तरी ऊर्जा जेमतेम 7 टक्के वाढली. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मात्र 1.5 वरून 1.95 किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद झाला, जवळजवळ 29 टक्के वाढ.

आता खरा वाद. भेदन ऊर्जेवर ठरतं की संवेगावर? याचं उत्तर बाणात नाही, बाणाला अडवणाऱ्या वस्तूत आहे. अडवणारं बल वेग कितीही असो तेवढंच राहत असेल, तर खोली ऊर्जेच्या प्रमाणात मिळते. ते बल वेगाबरोबर वाढत असेल, म्हणजे वेगवान बाणाला जास्त अडवत असेल, तर खोली थेट संवेगाच्या प्रमाणात येते. दोन ओळींचं समीकरण आहे, बारावीचा विद्यार्थी सोडवेल. ओल्या, द्रव भरलेल्या मांसपेशी वेगवान वस्तूला जास्त विरोध करतात, म्हणून प्रत्यक्ष उत्तर दुसऱ्या बाजूला झुकतं.

कुठलंही सूत्र घ्या, धनुष्य तेच असेल तर जड बाण मागे पडत नाही. पहिल्या हिशेबात थोडा पुढे, दुसऱ्यात बराच पुढे. गणितातून एवढंच निघतं. बाण आत वाकडा शिरला, फाळ वाकला, काठी तुटली, तर यातलं काहीच लागू नाही. वरची सगळी समीकरणं सरळ जाणाऱ्या अखंड बाणाची आहेत.

मिशिगनकर

सर, हे फार उपयोगी आहे. ऊर्जा 7 टक्के आणि संवेग 29 टक्के, हा फरक मला कोणी कधी असा समोर मांडून दाखवला नव्हता. शेवटच्या ओळीबद्दल कोणी सांगेल का? वाकडा शिरणं म्हणजे किती वाकडा?

देवदारी

मी ओरेगॉनच्या किनाऱ्याजवळ राहते, लाकडी बाण स्वतः बनवते आणि एल्क या मोठ्या हरणाची शिकार करते. पोर्ट ऑर्फर्ड सीडर इथलंच झाड. जगभरचे पारंपरिक धनुर्धर बाणासाठी ज्या लाकडावर जीव टाकतात ते आमच्या डोंगरांत उगवतं. सरांच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण मिशिगनदादांच्या मित्राचा बाण बहुधा तिथेच फसला असावा.

बाण दोरीवरून सुटला की सरळ जात नाही. मागून जोराने ढकललेली लांब काठी वाकते, मग उलट वाकते, धनुष्याला वळसा घालत पुढे जाते आणि काही यार्डांत स्थिरावते. किती वाकेल ते काठीच्या ताठरपणावर ठरतं. त्याला आम्ही स्पाइन म्हणतो. लाकडी काठीचा स्पाइन मोजायचा तर 26 इंचांवर दोन टेकू द्यायचे, मधोमध दोन पाउंडांचं वजन टांगायचं आणि काठी किती खाली वाकली ते बघायचं. अर्धा इंच वाकली तर 26 भागिले अर्धा, म्हणजे 52 पाउंडांचा स्पाइन.

आता गोम. पुढचा फाळ जड केला की तीच काठी सुटताना जास्त वाकते, जणू ती मऊ झाली. बरेच जण भेदन वाढवायचं म्हणून 125 ग्रेनचा फाळ काढून 250 चा लावतात, काठी तीच ठेवतात आणि बाण शेपूट हलवत जातो. जनावरापाशी पोचताना त्याचं तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे असते. टोक कातडीला लागलं की मागची सगळी काठी आडवी ढकलते. संवेग आहे, पण तो पुढे न जाता बाजूला खर्च होतो. जड बाण असूनही वीतभर आत. मग माणूस म्हणतो अजून जड करू.

म्हणून माझ्याकडे कोणी वजन वाढवायला आलं की मी आधी पिसं नसलेला बाण मारायला लावते. तीन बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे, फाळाच्याच वजनाचं साधं टोक, पंधरा-वीस यार्ड. उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर काठी मऊ आहे, डावीकडे गेला तर ताठ. मागचा भाग वर राहिला की खाली, त्यावरून नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, दोरीवर जिथे बसते ती जागा सरकवायची. दोन्ही प्रकारचे बाण एकत्र आणि सरळ रुतेपर्यंत हे करत राहायचं. यात दोन-तीन संध्याकाळी जातात, कधी आठवडा. हे झाल्याशिवाय वजनाची चर्चा मला व्यर्थ वाटते.

आणखी एक. तुमच्या मित्राचा बाण सापडला होता का? फाळाचं टोक वळलं होतं का? काठी फाळाच्या मागे तुटली होती का?

मिशिगनकर

ताई, पुढचा अर्धा मोडका बाण सापडला होता. फाळ तीन पात्यांचा होता, एक पातं मुळापासून वाकलेलं. काठी फाळाच्या मागे दोन इंचांवर फाटली होती. वजन 400 च्या आसपास.

देवदारी

मग तुमचं अर्धं उत्तर त्या तुकड्यातच आहे. वाकलेलं पातं म्हणजे आत जायच्या वाटेत उघडलेला अडसर. फाटलेली काठी म्हणजे उरलेली ढकल पुढे पोचलीच नाही. हाच बाण 650 चा असता तर पातं कदाचित आणखी जोरात वाकलं असतं. आधी न वाकणारा फाळ, मग न तुटणारी काठी.

रानवाटा_नाशिक

माफ करा, पण मला हा सगळा धागा अस्वस्थ करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. बंदूक असताना तीरकमठ्याने जनावर मारायचा हट्ट कशासाठी? जखमी होऊन पळालेल्या त्या हरणाचं काय?

मिशिगनकर

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. भारतातल्या कोणी हे वाचून इथे करून बघायला जाऊ नये. भारतात हे बेकायदेशीर आहे, आणि तिथल्या जंगलांची अवस्था बघता तसंच राहावं असं मलाही वाटतं. मिशिगनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. लांडगे राज्याच्या उत्तर टोकालाच उरलेत, हरणं भरपूर वाढलीत, आणि राज्य सरकार दरवर्षी शिकारीतून त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं. धनुष्य यासाठी की वीस यार्डांच्या आत जावं लागतं. बहुतेक दिवस जनावर दिसतं आणि बाण सुटत नाही. ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी तो पूर्ण आरपार जावा, काही सेकंदांत सगळं संपावं, म्हणूनच हा प्रश्न विचारतोय. त्या हरणाचं काय, हाच या धाग्याचा विषय आहे.

रानवाटा_नाशिक

उत्तराबद्दल आभार. मत बदललं नाही, पण विचारण्यामागची तळमळ पोचली.

नेमबाज_सातारा

मी साताऱ्यात टार्गेट आर्चरी करतो, त्यामुळे वेगळ्या बाजूने दोन शब्द. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी सुवर्ण जिंकल्यापासून आमच्याकडे पोरांची रीघ लागलीय, आणि प्रत्येकाला हलका, बारीक, वेगवान बाण हवा असतो. आमचं बरोबरच आहे. ऑलिंपिकचं रिकर्व्हचं अंतर 70 मीटर. तिथे बाण लवकर आणि सपाट पोचला पाहिजे, वाऱ्याने कमी हलला पाहिजे. लक्ष्यात किती घुसला याला गुण नाहीत. तो रुतून राहिला की झालं.

म्हणून टार्गेटवाल्यांचा सल्ला शिकारीत घेऊ नका आणि उलटही नको. पण बिनपिसांच्या बाणाबद्दल देवदारीताई जे सांगतायत ते शंभर टक्के खरं. आमच्याकडेही ट्यूनिंगची सुरुवात तिथूनच होते.

सांबरवाला_मेलबर्न

इथे व्हिक्टोरियात आपलाच सांबर आहे, खरंच आपलाच. एकोणिसाव्या शतकात, 1860 च्या दशकात, इंग्रजांनी आणून सोडला आणि तो इथल्या डोंगराळ जंगलात असा पसरला की आता अनेकांना तो उपद्रव वाटतो. धनुष्याने शिकार करायची तर कायदाच किमान अट घालतो: सांबरासाठी 50 पाउंडांचं धनुष्य आणि फाळासकट किमान 26 ग्रॅमचा, म्हणजे 400 ग्रेनचा बाण. लहान हरणांसाठी अट सौम्य आहे. वजनाचा विचार कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचलाय तो उगाच नाही.

सांबर म्हणजे व्हाइटटेल नव्हे. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, कातडी जाड, फासळ्या रुंद. त्यामुळे इथे एड ॲशबी यांचं नाव निघाल्याशिवाय गप्पा संपत नाहीत. अमेरिकन माणूस. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये बाणांच्या भेदनाचा अभ्यास सुरू केला, पुढे ऑस्ट्रेलियात रानरेड्यांवर चाचण्या केल्या. नुकत्याच मेलेल्या जनावरांवर वेगवेगळे बाण मारून प्रत्येकाची नोंद. जड हाड फोडायचं तर 650 ग्रेन, हा आकडा त्यांच्याच कामातून आलाय. मिशिगनकरांच्या गटातला पहिला तट तोच उच्चारतोय.

पण त्या तटाने ॲशबींची पूर्ण यादी वाचलेली दिसत नाही. भेदन ठरवणाऱ्या बारा गोष्टी त्यांनी क्रमाने लावल्या. पहिली, बाण आणि फाळ न मोडता टिकणं. दुसरी, बाणाचं निर्दोष उडणं. तिसरी, वजनाचा तोल पुढच्या बाजूला असणं. चौथी, फाळाचा आकार: लांब आणि अरुंद, म्हणजे उतार जितका लांब तितकं ढकलणं सोपं. तीन इंच लांब आणि एक इंच रुंद, असा दोन पात्यांचा फाळ त्यांना आदर्श वाटतो. पाचवी, काठी फाळाच्या गळ्यापेक्षा बारीक असणं, म्हणजे फाळाने केलेल्या वाटेत काठी घासत नाही. बाणाचं वजन सहाव्या क्रमांकावर आहे. आणि 650 चा उंबरठा यादीच्या अगदी शेवटी येतो, तोही फक्त जड हाडावर आदळल्यास.

या क्रमावर वाद घालता येईल, लोक घालतात. पण देवदारीताईंनी मोडका तुकडा बघून जे सांगितलं, ते पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचंच आहे.

बॅजर_स्टेट

विस्कॉन्सिनहून. मी दुसऱ्या तटातला आणि तो सोडणार नाही. आमच्या राज्याने 1934 मध्येच धनुष्यासाठी हरणाचा वेगळा मोसम सुरू केला, आणि इतक्या वर्षांत लाखो व्हाइटटेल मध्यम वजनाच्या बाणांनी पडले आहेत. व्हाइटटेल म्हणजे रानरेडा नाही. फुफ्फुसांवरची फासळी बोटाएवढी. धारदार फाळाचा 450 ग्रेनचा बाण ती ओलांडून पलीकडच्या मातीत जातो. खांद्याचं हाड फोडायची तयारी करण्यापेक्षा खांद्यावर बाण न मारायची तयारी करा. हरीण आपल्यापासून थोडं पलीकडे तोंड करून उभं राहीपर्यंत थांबा. मग बाण शेवटच्या फासळ्यांमागून तिरका पुढे जातो आणि समोर फक्त मऊ भाग असतो.

आणि बाणाचं खाली पडणं कोणी लक्षातच घेत नाही. आपल्याकडे साइट नाही, अंतर नजरेने मोजायचं. बावीस यार्ड आहे की सव्वीस, हे संध्याकाळच्या उजेडात सांगा बघू.

चलसंवेग

बॅजर, तुमचा मुद्दा मोजून बघितला. हवेचा रोध सोडला तर वीस यार्डांवर 420 ग्रेनचा बाण एकूण 53 सेंटिमीटर खाली येतो, 650 चा 76. फरक 23 सेंटिमीटर, ऐकायला भयंकर. पण तो फरक सरावाने नजरेत बसतो. ज्या बाणाने रोज सराव करता त्याचीच कमान डोळ्याला कळते. खरा प्रश्न अंतर चुकलं तर किती बसतं हा. वीस यार्ड समजून सोडला आणि हरीण प्रत्यक्षात तेवीसवर होतं, तर हलका बाण सुमारे 9 सेंटिमीटर खाली लागतो, 650 चा 13. म्हणजे जड बाणाची खरी शिक्षा 4 सेंटिमीटर. तीस यार्डांच्या पुढे ती झपाट्याने वाढते, तिथे तुम्ही म्हणता ते बरोबर.

आवाजाचंही पाहिलं. दोरीचा आवाज वीस यार्डांवर 0.05 सेकंदात पोचतो, 420 चा बाण 0.329 मध्ये आणि 650 चा 0.395 मध्ये. दचकायला हरणाला जड बाणाच्या वेळी सुमारे 0.07 सेकंद जास्त मिळतात. उलट बाजूने, जड बाण धनुष्यातली जास्त ऊर्जा घेऊन जातो, आणि मागे जी उरते तिचाच आवाज होतो. वरच्याच हिशेबाने मागे राहणारा हिस्सा 19 टक्क्यांवरून 13 वर येतो. कुठली बाजू जड ठरते ते मैदानावरच्या लोकांनी सांगावं.

देवदारी

आवाजाचा फरक कानाला स्पष्ट कळतो, सर. हलका बाण सुटताना धनुष्य 'टणक्' करतं आणि हाताला मुठीत झिणझिण्या येतात. धनुष्याच्या दर पाउंडामागे बाणाचं वजन दहा ग्रेनच्या पुढे गेलं की आवाज खाली बसतो, एक जाड 'धप्' उरतो. माझ्या अनुभवात शांत असलेलं, कान न टवकारलेलं जनावर त्या आवाजाला कमी दचकतं. आधीच सावध झालेलं हरीण मात्र कशालाही खाली बसतं. त्याच्यावर बाण सोडूच नये.

बॅजरदादांचं खांद्याबद्दलचं म्हणणं मी उचलून धरते. पण एक भर. जनावर ऐन वेळी एक पाऊल पुढे टाकतं आणि पायाबरोबर खांदा मागे येतो. नेम बरोबर असूनही हाड लागतं. माझ्या दृष्टीने वजन त्या एका पावलासाठी हवं.

मिशिगनकर

आठवडाभर सगळ्यांचं वाचत गॅरेजमध्ये बसलो होतो. बिनपिसांचे बाण मारले. माझे 500 स्पाइनचे (कार्बनमध्ये आकडा जितका लहान तितकी काठी ताठ) बाण सध्याच्या 125 ग्रेनच्या टोकाला ठीक होते, पण 200 चं टोक लावताच सगळे उजवीकडे, नॉक डावीकडे झुकलेली. ताईंनी लिहिलं होतं अगदी तसं. 400 स्पाइनच्या काठ्या आणून लांबी थोडी थोडी कापत गेलो. आता पिसांचे आणि बिनपिसांचे एकत्र पडतात.

एक कोडं. फोमच्या लक्ष्यात 420 चा आणि नवा 535 चा बाण जवळजवळ सारखेच रुततात, कधी जुना किंचित जास्त. मग वाढवलेलं वजन गेलं कुठे?

देवदारी

फोमवर भेदन मोजू नका. फोम काठीला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो, बाण थांबतो तो घर्षणाने. तुमच्या नव्या ताठ काठ्या थोड्या जाड असतील तर त्यांना जास्त आवळलं जाणार. शिवाय तिथे साधं गोल टोक असतं, कापणारा फाळ नाही. जनावरात फाळ कापत वाट करतो, रक्ताने ती ओली होते, काठी त्यातून सरकते. अडवणारी गोष्टच वेगळी, सरांनी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं तसं.

धारेबद्दल इथे अजून कोणी बोललं नाही आणि माझ्या मते ती वजनाइतकीच मोठी आहे. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तवाहिन्या कापून मारतो. बोथट फाळासमोर नस बाजूला सरकते, धारदार फाळ तिला कापतो. मी कानसीने उतार सारखा करते, मग दगड, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढते. कसोटीला एक रबरबँड दोन बोटांत सैल ताणायचा आणि फाळाची धार त्यावर नुसती टेकवायची. दाब न देता तुटला पाहिजे. मागे-पुढे घासावं लागलं तर तो फाळ भात्यात जात नाही. दुकानातून आलेला नवा फाळ या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतो. आणि मोसमात भात्यात ये-जा करून धार मरते, म्हणून मचाणीवर चढायच्या आधी रोज पुन्हा बघायचं.

एकाच बाजूने धार लावलेला फाळ घेणार असाल तर पिसांकडे लक्ष द्या. उजव्या धारेच्या फाळाला टर्कीच्या उजव्या पंखाचीच पिसं हवीत. तेव्हा बाण हवेत ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने आत गेल्यावरही फिरतो. उलट जोडी केली तर आत गेल्यावर फिरणं थांबून उलटं सुरू होतं आणि ताकद वाया जाते.

इतिहास_वेडी

थोडं अवांतर, पण वजनाशी संबंध आहे. 1545 मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्रजी लढाऊ जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यातून शंभराहून जास्त लांब धनुष्यं आणि हजारो बाण मिळाले. ती धनुष्यं शंभर पाउंडांच्या बरीच पुढची, आणि बाण बरेचसे पॉप्लरचे, जाड. चिलखत घातलेल्या माणसासमोर हलका बाण न्यायचा नाही, हे त्या लोकांनी अनुभवाने ठरवलेलं दिसतं. तुमच्या 50 पाउंडांच्या धनुष्याशी थेट तुलना नको, पण त्या काळी धनुष्याच्या ताकदीबरोबर बाणाचं वजनही चढत गेलं होतं.

सांबरवाला_मेलबर्न

मिशिगनकर, 535 वर थांबलात हे चांगलं केलंत. 50 पाउंडांना ते दहा ग्रेन दर पाउंडाच्या जरा वर. पुढच्या तोलाचा आकडा काढलात का? नॉकच्या खाचेपासून काठीच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, फाळ सोडून. बाण बोटावर तोलून तोल नॉकपासून किती इंचांवर आहे ते मोजा. त्यातून अर्धी लांबी वजा करा, लांबीने भागा, शंभरने गुणा. 30 इंचांची काठी साडेएकोणीस इंचांवर तोलली तर 15 टक्के. ॲशबी 19 च्या पुढे जायला सांगतात, पण व्हाइटटेलसाठी त्यामागे धावू नका. तोल पुढे असला की मागची पिसं बाणाला लवकर सरळ करतात, एवढं पुरे.

बॅजर_स्टेट

535 ला माझीही हरकत नाही. पण पंचवीस यार्डांच्या पलीकडे सोडायचा नाही, एवढं पाळा.

मिशिगनकर

तोल 17 टक्के आला. फाळ 200 ग्रेनचा, दोन पात्यांचा, एकसंध पोलादाचा, लांबी रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. रबरबँडच्या परीक्षेत दुकानातून आलेल्या तिघांपैकी एकही पास झाला नाही. आता तिन्ही होतात. अंतर वीस यार्ड. पंचवीसचं वचन बॅजरला दिलं, पण मचाणीखाली खुणेचा दगड वीसवरच ठेवलाय. ज्या मित्राचा बाण अडकला होता तो परवा येऊन आपल्या काठ्या बदलून गेला. त्याचा ड्रॉ 26 इंच आहे आणि धनुष्यावर 28 ला 50 लिहिलंय. देवदारीताई, त्याच्या हातात प्रत्यक्षात किती पाउंड पडत असतील?

देवदारी

रिकर्व्हमध्ये शेवटच्या इंचांत साधारण अडीच पाउंड दर इंचाला. म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, पण अंदाजावर राहू नका, धनुष्याचा काटा लावून मोजा. त्याला 535 नको, 460 ते 480 पुरे. काठी तुमची नको, त्याच्या मोजमापाची, तुमच्यापेक्षा मऊ लागेल. आणि आधी बिनपिसांचे बाण मारायला सांगा.